चक्कर कुणाला येते?

सहलीला निघतानाच विज्ञानाच्या सरांनी बजावलं होतं, "नुसती मजा करायला चाललो नाही. जे डोळ्यांनी बघाल, तेच खरं मानायचं." पार्कात पोचल्यावर मात्र त्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात त्यांनी फक्त मुलांना बसवलं, आणि स्वतःही बसले. "मुलींना चक्कर येते," म्हणाले, आणि आम्हाला सगळ्यांची दप्तरं राखायला बाकावर बसवलं.

पाळणा थांबला. एकेक वीर लटपटत खाली उतरला. आमचा मॉनिटर थेट फुलांच्या कुंडीत ओकला. सर खांबाला मिठी मारून उभे राहिले.

चेहऱ्यावर जरा रंग आल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "काय मग पोरींनो, आज विज्ञानातलं काय शिकलात?"

आमच्यातली जिला सगळे भांडकुदळ म्हणतात, ती उठली. मांडीवरची चारही दप्तरं तिने सरांच्या पायाशी ठेवली.

"मुलांना चक्कर येते, हे डोळ्यांनी बघितलं, सर. मुलींचं अजून कुणी बघितलेलंच नाही. दप्तरं सांभाळा, आम्ही बघून येतो."