तार तुटली तेव्हा

वादळ ओसरल्यावर वासुदेव म्हैस हाकायला धानाच्या शेतात उतरला. गुडघाभर पाणी साचलं होतं. बांधावरून त्याची बायको सुगंधा त्याला हाक मारणार, तेवढ्यात वरची विजेची तार तुटली आणि त्याच्या शेजारीच पाण्यात पडली.

"हलू नका!" ती किंचाळली. तिचा भाऊ अशाच तारेने गेला होता.

तेवढ्यात बांधावरचा खांब बोलला, "तार हवेत असतानाच वीज तोडली आहे. पाण्यात करंट नाही. बाहेर या."

तार तुटताच वीज तोडणारे हे बोलणारे खांब गावात उन्हाळ्यातच आले होते. वासुदेवचा विश्वास बसेना. म्हैस मात्र तारेवर पाय देऊन आरामात बांधावर चढली. मग तोही धावत बांधावर आला. सुगंधाने त्याच्या छातीवर मुठी मारल्या आणि ती तिथेच डोकं टेकून रडली.

"अगं, जिवंत आहे मी," तो म्हणाला.

संध्याकाळी गाव अंधारात होतं. शेजारच्या काशीबाईंनी कुरकुरत विचारलं, "लाइट कधी येते गं?"

"येऊ दे सावकाश," सुगंधा म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला.