राऊच्या गेटचा फोटो

"हे बघ जरा," विनीता म्हणाली आणि तिने भाजल्यासारखा माउसवरचा हात काढून घेतला.

नीरज चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे आला. स्क्रीनवर इंदूरबाहेरच्या राऊच्या नव्या टाउनशिपचं गेट होतं, आज सकाळीच त्याने ड्रोनने सरळ वरून टिपलेलं. आयएसओ शंभर, एक्स्पोजर मुद्दाम खाली, पांढऱ्या भिंती जळू नयेत म्हणून. नवऱ्याने काळपट काढायचं आणि बायकोने घरी बसून उजळायचं, असा त्यांचा धंदा होता. आणि बरा चालला होता.

"शॅडो जास्त उचलल्यास यार. नॉइजचे दाणे येतील."

"नॉइज राहू दे. गेटजवळ बघ."

सरळ वरून काढलेल्या फोटोत माणूस दिसत नाही, डोक्याचा ठिपका दिसतो. ओळखायचं तर सावली बघावी लागते आणि सकाळची सावली चांगली लांब असते. गेटपाशी अशी एक सावली पडली होती. डावा खांदा उतरलेला. काठी जमिनीला न टेकवता काखेत धरलेली. काठी अशी मिरवायला घेणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच होता, आणि तो रोज पहाटे महूला मित्राकडे शतरंज खेळायला म्हणून याच घरातून निघायचा.

"आबा?" नीरज म्हणाला. "पागल झालीस का? झूम कर."

तिने झूम केलं. निळा युनिफॉर्म. खांद्यावर शिट्टीची पांढरी दोरी. तोंड दिसत नव्हतं, पण उजवा हात कपाळाला होता.

नीरजने कप खाली ठेवला, तो नेमका कीबोर्डवर.

"सलाम ठोकतायत," तो म्हणाला. "माझे वडील. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेवर होते, मुजरे घ्यायचे..."

"माहीत आहे. लग्न ठरतानाच सांगितलं होतंत." विनीताने कप उचलून बाजूला केला. "पण तू तर तिथेच होतास ना?"

"मी मागच्या रस्त्याने आत गेलो. क्लबहाउसच्या गच्चीवरून ड्रोन उडवला."

"आणि तुझ्या हातातल्या स्क्रीनवर?"

"मी हिस्टोग्रामचा आलेख बघत होतो."

तेवढ्यात फोन वाजला. बिल्डरचा माणूस. नीरजने सवयीने स्पीकर लावला.

"नीरज भिया, कब भेज रहे हो? एकदम चकाचक चाहिए, हां. गेट पे चौकीदार-वौकीदार, कुत्ता-वुत्ता कुछ हो तो हटा देना."

"जी," नीरज म्हणाला. "हटा देता हूँ."

फोन बंद झाला. त्याने माउस ओढून घेतला.

"थांब," विनीता म्हणाली. "आधी आबांना विचारू. येतीलच आता."

"काय विचारू? हे ब्रोशर गावभर फिरणार आहे. काकांकडे, तुझ्या माहेरी."

"त्यात ठिपका दिसेल नुसता."

"तुला दिसलाच ना?"

त्याने ब्रश फिरवला. निळा युनिफॉर्म, शिट्टीची दोरी, काठी, सगळं एका क्लिकमध्ये गेलं आणि तिथे फरशा आल्या, शेजारच्या फरशांसारख्याच. सावली मात्र राहिली. मागे माणूसच नाही आणि सावली तेवढी कपाळाला हात लावून आडवी पडलेली. विनीताने तोंडावर पदर धरला. नीरजने सावलीवरूनही ब्रश फिरवला. खांद्याशी एकदा, काठीशी एकदा. मग सेव्ह केलं आणि पाठवून टाकलं.

लॅचमध्ये किल्ली फिरली.

आबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत काठी. चपला काढता काढता त्यांची नजर स्क्रीनवर गेली. विनीता खुर्चीवरून उठली. आबा मात्र हसले.

"अरे वा, राऊ! झाला तयार?"

"आबा," नीरजचा आवाज चिरका निघाला. "काय कमी होतं हो तुम्हाला घरात?"

आबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि खुर्चीच्या पाठीला काठी अडकवली.

"कळलं तर तुम्हाला. कमी काही नाही रे. इथे मी काही करू का विचारलं तरी तुम्ही म्हणता, आबा, तुम्ही बसा. तिथे गाडी आली की मला विचारल्याशिवाय आत जात नाही."

"आणि सलाम ठोकता!"

"सलाम? हट! ऊन डोळ्यांवर येत होतं. हात आडवा धरून बघत होतो, आपलाच ड्रोन आहे का म्हणून." त्यांनी खिशातून चश्मा काढला. "सुपरवायझर ओरडत होता, सब शेड में जाओ, फोटो खराब होगा. बाकीचे पळाले. मी नाही हललो. म्हटलं, कॅमेरा घरचा आहे."

विनीताने नीरजकडे बघितलं. नीरज कीबोर्डवर सांडलेला चहा बघत होता.

आबांनी चश्मा लावला, कमरेत वाकून ते स्क्रीनजवळ आले. त्यांचं बोट गेटच्या खांबापासून निघालं, भिंतीच्या कडेने गेलं, स्वच्छ फरशांवरून हळूहळू परत आलं आणि एका जागी थांबलं.

"इथेच तर उभा होतो," ते म्हणाले.