शेजारचा रस्ता

वामनकाकांच्या हाताला मेंदूचा सिग्नल पोचवणारी नस तुटली होती. म्हणून डॉक्टर ऋतुजाने त्यांच्या खांद्यात बसवलेले बारके स्विच आज पहिल्यांदाच मोकळे सोडले. आता शेजारच्या स्विचला विचारत विचारत सिग्नलने आपला रस्ता आपणच शोधायचा होता.

"काका, उचला हात!"

काकांनी जीव खाऊन जोर लावला. हात ढिम्म! आणि बाजूला बसलेल्या शकूकाकूंचा हात चहाच्या कपासकट वर गेला!

"अगं बाई! मी नाही उचलला!" काकू किंचाळल्या.

मानेच्या दुखण्यासाठी काकूंनीही तसेच स्विच बसवून घेतलेत, हे ऋतुजा साफ विसरली होती. तेवढ्यात त्या हाताने कप थेट काकांच्या ओठांना लावला.

"अगं, चहा प्यावा असं मी नुसतं मनात आणलं..." काका पुटपुटले.

काकू म्हणाल्या, "जन्मभर माझ्या हातचा चहा प्यायलात. आता हातच घेतलात?"