शिट्टी वाजेपर्यंत

दुसरा गोल बसला तेव्हा भिंगारदिवे सर हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत होते.

"सर, तिकडं गोल झाला आन् तुमी घड्याळ काय बघता?" बन्सी करवादला. कॉलेजच्या मैदानावर तीस वर्षं चुन्याच्या रेघा मारलेला हा माणूस. सामना असला की केडगावला सरांच्या घरी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचा.

"अजून एकोणचाळीस मिनिटं," सर म्हणाले.

"तेवढ्यात अजून चार खातील ही!"

सारानं दोघांपुढं चहा ठेवला. नवऱ्याचा चहा शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तसाच राहणार, हे तिला सवयीनं ठाऊक होतं.

पुण्याची इंद्रायणी एफसी यंदा पंधरापैकी अकरा सामने हरली होती. सरांच्या हाताखालची दोन पोरं त्या संघात होती, गोलकीपर नोहा आणि मधल्या फळीतला आदिनाथ. सर निवृत्त झाले तरी क्रीडाशिक्षकाचा जीव त्या पोरांत अडकलेला. आजचा सामना शेवटचा. हरलं की संघ खालच्या गटात जाणार, आणि मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं की खाली गेलात तर गाशा गुंडाळू. म्हणजे दोन्ही पोरं घरी.

नोहाचं काहीतरी भागलं असतं, त्याच्या वडिलांची शाळेत नोकरी होती. साराला काळजी होती ती आदिनाथची. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून रबरी चपला घालून आलेलं पोर. कॉलेजची तीन वर्षं तिच्याच हातची भाकरी खाल्ली आणि तिला आई म्हणायला लागलं. साराला मूलबाळ नव्हतं. त्या एका हाकेवर ती विरघळली होती. एकदा सरावात चक्कर येऊन पडला तेव्हा तिनंच त्याला लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. ऊन लागलं, असं सर म्हणाले. पुढच्याच आठवड्यात पठ्ठ्यानं दोन गोल मारून कॉलेजला विद्यापीठाचा पहिला करंडक मिळवून दिला. सरांचा हारतुऱ्यातला फोटो अजून भिंतीवर होता.

पुढं इंद्रायणीनं त्याला घेतलं, तेव्हा त्याच्या वडिलांना कागदपत्रातलं ओ की ठो कळेना. जन्माचा दाखला, डॉक्टरचा दाखला, सगळं सरांनीच पळापळ करून जमवलं. त्यानंतर इंद्रायणीचा एक सामना त्यांनी चुकवला नाही. सामना संपला की लगेच आदिनाथला फोन. "बरा आहेस ना? जेवलास?" एवढंच. खेळाबद्दल अवाक्षर नाही.

बहात्तराव्या मिनिटाला आदिनाथला बाहेर बोलावलं. सरांनी उशीला पाठ टेकली.

"येड लागलं का ह्यांना?" बन्सी उठून उभाच राहिला. "एवढा एकच तर पळतोय!"

"दमलाय तो. बसू दे," सर म्हणाले.

तिसरा गोल बसला. शिट्टी वाजली. सरांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि गार चहा एका घोटात संपवला. बन्सी डोळे पुशीत घरी गेला.

त्या रात्री सर तीन भाकरी जेवले. दुःखानं माणसाची भूक मरते, यांची वाढली. साराला मात्र घास गिळवेना. सकाळी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचून समोरच्या टेबलावर ठेवल्या, त्यातली सरांची चिठ्ठी तिनं अक्षरावरून ओळखली होती. 'सर्व मुलं सुखरूप राहोत.' अहो, जिंकू दे असं मागायचं की! देवापुढं कसली भीड? मोघम मागितलं की मोघमच मिळतं, असं तिला राहून राहून वाटत होतं.

मंगळवारी संघ बंद झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सर जास्वंदीला पाणी घालताना चक्क गाणं गुणगुणत होते. सारा दारात उभी राहून ऐकत राहिली. या वयात धक्का सोसला नाही की काय, असं तिला वाटलं.

गुरुवारी सर बाजारात गेले आणि मोबाईल चार्जिंगलाच विसरले. तो वाजला.

"आई, सर हायेत का?"

"बाजारात गेलेत. आदिनाथ, कसा आहेस रे बाळा?"

"आई, लई मोठी बातमी हाय! गोव्याच्या संघानं घेतलं मला. वरच्या गटातला संघ. सोमवारपासून सराव."

देवानं मोघम नाही, भरभरून दिलं होतं. "सरांना सांगते, आनंदानं वेडे होतील," ती म्हणाली.

"आई, एक काम हुतं. कॉलेजातले डॉक्टरचे कागद मागत्यात. सरांकडं असतील, त्यांनीच तवा सगळं केलं हुतं. फोटो काढून धाडता?"

"आत्ता धाडते."

फायलीत काही मिळालं नाही. मग तिला सरांचं मोठं बायबल आठवलं. जपायचं ते सगळं तिथंच असायचं. शेवटच्या पानांत एक पाकीट होतं, वर आदिनाथचं नाव. सर येण्याआधीच काम उरकून त्यांना चकित करायचं, असं म्हणत तिनं कागद टेबलावर पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या, मोबाईल वर धरला. अक्षरं नीट येतात का बघायला चष्मा लावला.

तारीख सात वर्षांपूर्वीची होती, करंडकाच्या सामन्याच्या आधी चार दिवसांची. छापील इंग्रजी मजकुराखाली डॉक्टरांनी हातानं मराठीत लिहिलं होतं.

'हृदयाचा स्नायू जाड झाला आहे. या मुलाने यापुढे कधीही मैदानात उतरू नये, धावताना अचानक मृत्यू येऊ शकतो. क्रीडाशिक्षकांना समक्ष सांगितले आहे.'

आणि त्याखाली, चर्चमधल्या चिठ्ठीवरच्याच वळणदार अक्षरात, 'वाचले. ए. भिंगारदिवे.'