एका मार्काचा पाऊस

“भूमध्य सागरी प्रदेशात पाऊस कधी पडतो?” मी हॉटेलच्या खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

“हिवाळ्यात,” बाबा सवयीने म्हणाले. सांगलीच्या शाळेत नववीला भूगोल बाबाच शिकवतात. मग तेही खिडकीशी आले. बाहेर संततधार लागली होती.

नाताळच्या सुट्टीसाठी स्पेनमधलं हे गाव त्यांनीच शोधलं होतं. जाहिरातीत ‘बारा महिने ऊन’ होतं ना. आता किनाऱ्यावरच्या खुर्च्या उचललेल्या, आइस्क्रीमवाले गायब. उद्या आमचं परतीचं विमान, आणि आईशी भांडून भांडून मिळवलेला माझा पहिलावहिला स्विमसूट अजून पिशवीतच.

“पण बघ, अगदी पुस्तकात दिलंय तस्संच,” बाबा आता चक्क खूश झाले. “पश्चिमी वारे.”

समुद्र शांत होता. किनाऱ्यावर मला बघायला कोणी नाही, याचंच जरा वाईट वाटलं. मी स्विमसूट घातला, वर टॉवेल गुंडाळला आणि दाराकडे निघाले.

“थांब गं,” आई म्हणाली. झालं, संपलं सगळं, मला वाटलं.

तिने माझ्या हातात छत्री दिली. “पोहायचं तर पोह. पण पावसात भिजू नकोस. सर्दी होते.”