हीच ती मैना

हिंमतरावांनी होडीच्या तळावर लाकडी हातोडी हळूच आपटली. एका जागी टणक आवाज आला. वीतभर पुढं नुसतंच भदभद.

"ऐकलंस? आतला प्लाय सडलाय," ते म्हणाले. "लई वर्षं पाणी मुरलंय. वरचं फायबर कापून समदं उकरावं लागंल."

"हो अण्णा," दीपालीनं मान हलवली. नळदुर्गाजवळच्या त्यांच्या शेतातल्या शेडपुढं ही शिडाची होडी ट्रकमधून उतरली होती. कोकणातल्या एका भंगारवाल्याकडून तिनं ती उचलली होती. सोलापुरात पेंटरकडून बाजूवर 'मैना' लिहून घेतलं आणि अण्णांना सांगितलं, नौदलानं मोडीत काढलेली तुमचीच होडी कोचीत सापडली.

आई गेल्यापासून अण्णा गप्प गप्प असायचे. बोललेच तर कोचीतल्या नौदलाच्या नोकरीबद्दल, तरुणपणी मैनेतून जिंकलेल्या शर्यतीबद्दल. दीपालीही संसार मोडून पुण्याहून परतलेली. बाप-लेक समोरासमोर जेवायला बसत, पण शब्द नाही. तिच्या ताटातली भाकरी तर अर्धी तशीच राही.

होडी आली त्या दिवशी अण्णांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला. मग बराच वेळ लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय गं," ते म्हणाले. "हीच ती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी हाक मारली. "दीपे, चल. एकट्याचं काम न्हाय हे."

दोघांनी फायबर कापलं, लगदा झालेला प्लाय खरवडून काढला, पोकळी उन्हात वाळवली. खिळखिळी झालेली मधली आडवी भिंत काढून नवी बसवली. उन्हात चिकटवायचं रेझीन पटकन आळतं, म्हणून तांबडं फुटतानाच काचतंतूंच्या कापडाचे थर चढवायचे. अंगाला खाज सुटायची, बोटं चिकटायची. अण्णा कोचीच्या गमती सांगायचे आणि दीपाली पोट धरून हसायची. दुपारी शेडमध्येच भाकरी-ठेचा. आता ती वरून मागून खाई.

धास्ती एकच होती. घासताना 'मैना'खालून जुनं नाव वर आलं तर? अण्णा जनावरांना पाणी दाखवायला गेले तेव्हा तिनं ती बाजू स्वतःच घासली. खालचं नाव दिसलंच. तिनं घाईघाईनं त्यावर रंग फासला.

अण्णा परत आले. ओल्या रंगाकडं बघून म्हणाले, "झकास केलंस."

दिवाळीनंतर होडी बोरीच्या धरणात उतरली. थेंबभर पाणी आत आलं नाही. शीड फुगलं, तसं अण्णांनी सुकाणू लेकीच्या हातात दिलं. बघायला जमलेली माणसं काठावर बारीक होत गेली. होडी कलली, पुन्हा सावरली. दीपाली आनंदानं ओरडलीच.

"अण्णा, तुमच्या वेळी अशीच पळायची का हो मैना?"

"एवढी कुठं?" अण्णा पाण्याकडं बघत हसले. "ती लई जड होती, पोरी. समदी सागाच्या लाकडाची."