तीन महिन्यांचं पेट्रोल

औषधाची बाटली शेडमधल्या फळीवर सीलबंद उभी होती, आणि मुलगी तासाभरात येणार होती.

कंपाउंडरांनी बाटली दोनदा उलटसुलट करून पाहिली. सील जसंच्या तसं. चाळीस वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांचे डोस मोजताना त्यांचा हात कधी चुकला नव्हता. चुकला तो घरच्याच रोग्याच्या बाबतीत.

रोगी म्हणजे समोरची जुनी मोटरसायकल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती उभीच होती. मुलगी म्हणाली, विकून टाका, उभ्या उभ्या गंजेल. कंपाउंडर म्हणाले, निगा राखली तर गंजत नाही. त्यावरून पैज लागली. गाडी तीन महिने उभी राहील. मग पहिल्या किकला सुरू झाली तर घरात, नाही तर गिऱ्हाइकाच्या दारात. तोवर चावी आईकडे. तिला गाडीचं ना प्रेम ना राग, यावर बापलेकीचं एकमत होतं.

पैज लागली त्या दिवशी त्यांनी सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा नको, हवेची ओल नको, गंज नको. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवलं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा, आत चिकटा धरायला नको. राहिलं ते टाकीत घालायचं औषध, पेट्रोल शिळं होऊ न देणारं. ते फळीवर ठेवलं, आणि ठेवलं ते ठेवलंच.

स्वयंपाकघरात बायको शेंगा सोलत होती. कंपाउंडरांनी हळू आवाजात गुन्हा कबूल केला. बिनऔषधाचं पेट्रोल तीन महिन्यांत उतरतं, गाडी सुरू व्हायची खात्री नाही, ताप आल्याचं कळवून आजचा दिवस टाळता येईल का, असंही विचारून पाहिलं.

"अहो, माझी गोळी विसरता तेव्हा तोंड एवढंसं होत नाही तुमचं," बायको म्हणाली. "येऊ दे तिला. व्हायचं ते होईल."

मुलगी आली ती गिऱ्हाइकाचा नंबर घेऊनच. पाठोपाठ मेकॅनिक आला. किक त्याने मारायची असं ठरलं होतं. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पुन्हा घेतला. झाकण लावलं. कॉक उघडला, चोक ओढला.

कंपाउंडरांनी फळीकडे पाठ केली आणि डोळे मिटले. तारुण्याची सारी वाट त्या दोन चाकांवर गेली होती. लग्नानंतर बायकोला घरी आणलं ते याच सीटवरून. आता ते सगळं एका किकवर आलं होतं.

पहिल्याच किकला गाडी बोलली. ना खोकला, ना कुरकुर, ना धुराची उचकी. सकाळी उठून गुणगुणणाऱ्या माणसासारखी संथ, एकसुरात बोलत राहिली.

मुलीने हरल्याचं मोकळेपणाने मान्य केलं, नंबर पुसून टाकला आणि बाबांनी नेमकं काय केलं ते विचारलं. कंपाउंडरांनी ओल, गंज, चिकटा यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. औषधापाशी आल्यावर मात्र त्यांना ठसका लागला.

मुलगी गेली. विजयी वीर आडवे झाले, आणि घोरण्याने खिडकीची काच थरथरू लागली. त्यांची दुपारची झोप कानाशी ढोल बडवला तरी मोडत नसे.

शेडमध्ये मेकॅनिक पाने-पक्कड आवरत होता. बायको दार लोटून घेत आत आली.

"क्लच जरा सैल करून दे रे," ती म्हणाली. "चढावर रोज हात भरून येतो माझा."